ओंजळीतलं ऊन

राजकुमार : नको, चहा नको चाचा, खरंच नको. मला फक्त शाइस्ताशी दहा मिनिटं बोलायचंय.

कय्यूम : दहा मिन्टांसाठी पुन्याहून अमडापूर? आठ-नऊ घंटे लागतात, भाऊ. बसा. त्या खुर्चीवर नका बसू, पाय ढिला हाय तिचा. खाटेवर बसा.

राजकुमार : गाडी बाजाराच्या अलीकडेच सोडावी लागली. ती घरात आहे ना?

कय्यूम : हाय. दुपारची, जोहरची नमाज पढून राह्यली. तवरोक माह्याशी बोला. वळखता ना मले? तुमच्या दुसरबीडच्या घराचा जिना म्या बांधला. तुमी आठवीत होते. वल्या सिमेटावर चपला घालून चढले, अन् तुमच्या वडलांनी, भगवानरावजींनी, तुमच्या कानाखाली लावली होती.

राजकुमार : ओळखतो हो चाचा. तुम्हाला कोण नाही ओळखणार.

कय्यूम : मंग तीन सालांआंधी पुन्याच्या पोलीस चौकीत काऊन नाई वळखलं? दोन दिवस बाकड्यावर बसलो होतो. तुमी आले, साहेबाशी हात मिळवला, माह्याकडे पाह्यलं अन् चालले गेले.

शाइस्ता : अब्बा, राहू द्या. मी आली.

राजकुमार : शाइस्ता. कशी आहेस?

शाइस्ता : घरांचे नकाशे काढते. ग्रामपंचायतीच्या मंजुरीसाठी. कोनाचा गोठा, कोनाचं किराना दुकान. मागच्या आठवड्यात एक जन म्हने, संडासाचं दार पूर्वेले नको. अर्धा दिवस गेला त्याले समजावून सांगन्यात. तुमच्या फर्ममंदी नऊ वर्षं शिकली, सगळं कामाले येऊन राह्यलं.

राजकुमार : तू माझ्याशी अशी का बोलतेयस?

शाइस्ता : कशी? मले-तुले लावून? तुमीच सांगतलं होतं ना, क्लायंटसमोर तोंड उघडू नको, गावाचा वास येतो. आता मी माह्या घरी आहो. इथं हाच वास आहे.

राजकुमार : ठीक आहे. ऐकून घेतो. मुद्द्यावर येऊ का? बांधकाम थांबलंय.

शाइस्ता : माहीत आहे.

कय्यूम : कोनतं बांधकाम? माह्या खाटेवर बसून बोलून राह्यले, तर मले बी समजू द्या.

शाइस्ता : सांगा सर. अब्बाले सांगा, काय बांधून राह्यले तुमी.

राजकुमार : चाचा, नदीकाठी एक नवं वित्तकेंद्र होतंय. बँका, विमा कंपन्या, शेअर बाजारातल्या मोठमोठ्या फर्म. त्याच्या अगदी पुढे, पाण्याला लागून, बेचाळीस मजल्यांचा टॉवर. मालकांची एकच अट होती, शहर त्या इमारतीवरून ओळखलं गेलं पाहिजे.

शाइस्ता : अन् थो काढला कोनं?

राजकुमार : शाइस्ता, आपण हे दोघंच…

शाइस्ता : आठ घंटे गाडी चालवत तुमी आले, मी नाई. कोनं काढला?

राजकुमार : तू.

शाइस्ता : मोठ्यानं बोला. अब्बाले एका कानानं कमी ऐकू येते.

राजकुमार : शाइस्तानं काढला. पहिल्या रेघेपासून शेवटच्या मॉडेलपर्यंत. सव्वादोन वर्षं.

कय्यूम : पन पेपरात तर तुमचा फोटो होता. भगवानरावजींनी मले मोबाईलवर धाडला. त्याच्यात लिवलं होतं, आईची ओंजळ पाहून सुचलं म्हनून.

शाइस्ता : ओंजळ तुमची होती, अब्बा. कामावर तुमी नळाले तोंड लावत नाई, दोन्ही हात जोडून पानी पेता. तशी इमारत काढली मी. नदीकडे तोंड, समोरची काच आतमंदी वळलेली, पान्याजवळ हात नेल्यासारखी. या सरांले सांगतलं तर म्हने, छान गोष्ट आहे. मंग इमारतीसंगं गोष्टबी नेली.

राजकुमार : मी चुकलो. तेच कबूल करायला आलोय.

शाइस्ता : काय काय चुकले, थे एक-एक सांगा. मले पाठ आहे, पन तुमच्या तोंडून ऐकाचं आहे.

राजकुमार : सादरीकरणातून तुझं नाव काढलं. तू विचारायला आलीस तेव्हा सगळ्यांसमोर बाहेर काढलं. तू थेट मालकांकडे जाशील याची भीती वाटली, म्हणून… म्हणून नकाशे चोरल्याची तक्रार दिली.

शाइस्ता : खरी होती तक्रार?

राजकुमार : नाही.

शाइस्ता : अन् दुसऱ्या फर्मवाल्यांना फोन?

राजकुमार : केले. सात-आठ ठिकाणी.

शाइस्ता : अकरा. मी अकरा ठिकानी गेली होती. अकराव्या ठिकानी तिथल्या मॅडमनं माह्यी पर्स टेबलावरून उचलून खाली ठेवली. जसं काई तिले घान लागली होती.

कय्यूम : पन्नास वर्सं लोकायच्या घरात काम केलं, भाऊ. घरचे शेतात निघून जात, चाबी माह्या हातात देऊन. एक खिळा म्या घरी आनला नाई. पोलीसवाला मले इचारे, पोरीले ही आदत कधीपासून हाय. कधीपासून, म्हने.

राजकुमार : चाचा, मी तुमचे पाय धरतो.

कय्यूम : पाय नका धरू. पुढचं बोला. नुस्ती माफी मांगाले कोनी इतक्या दूर येत नाई.

राजकुमार : गेल्या महिन्यात एक अपघात झाला. काच एकोणिसाव्या मजल्यापर्यंत बसली होती. दुपारी दीडच्या सुमारास खाली घाटावर एका बाईच्या प्लास्टिकच्या छपरानं पेट घेतला. ते वितळून तिच्या अंगावर आलं. हात आणि मान भाजली.

कय्यूम : काचेनं आग लागली?

शाइस्ता : शाळेत थे चकचकीत छत्री आनली होती, आठवते? उन्हात ठेवून खिचडी शिजवाची. तसंच. काच आतमंदी वळलेली, अन् थंडीतलं ऊन तिरपं. मंग साऱ्या काचांवरचं ऊन गोळा होऊन एका जागी पडते. एकोनीस मजल्यांचं ऊन, अब्बा, घाटाच्या पायऱ्यांवर.

कय्यूम : मंग इमारत तुह्यी, तर गलती बी तुह्यीच झाली ना?

शाइस्ता : माह्यीच. घाईत होतो सारे, मले दिसली नाई. इथं आल्यावर दोन महिन्यांनी दिसली. करमत नसे, म्हनून मी रोज थोच टॉवर काढत बसे. एक दिवस डिसेंबरचा सूर्य लावून पाह्यला अन् हात थांबला.

कय्यूम : मंग काय केलं?

शाइस्ता : यायले पत्र लिहिलं. चिखलीच्या पोस्टातून रजिस्टर केलं. कोनत्या महिन्यात, किती वाजता, कोनत्या पायरीवर ऊन पडंन, अन् काच कशी वळवली तर पडनार नाई, सगळं काढून धाडलं. पोहोच पावतीवर यायचीच सही आली.

कय्यूम : भाऊ? तुमाले मालूम होतं?

राजकुमार : मला वाटलं, ही रागानं लिहितेय. माझं काम अडवायला.

शाइस्ता : तपासलं कोनाकडून?

राजकुमार : कोणाकडे देणार? देताच विचारलं असतं, हे लिहिणारी कोण, तिला इतकं सगळं कसं ठाऊक.

शाइस्ता : म्हंजे वाचलं. समजलं बी.

राजकुमार : अर्धं समजलं. बाकीचं मला समजून घ्यायचं नव्हतं.

शाइस्ता : आज पह्यल्यांदा काई खरं बोलले तुमी.

राजकुमार : सोमवारी चौकशी समितीसमोर सुनावणी आहे. मी लेखी दिलंय की असं काही होईल हे कोणाच्याही ध्यानात येणं शक्य नव्हतं. माझ्याकडचं पत्र आता नाही. म्हणजे, मी ते ठेवलं नाही. तुझ्याकडची प्रत आणि ती पावती, एवढंच उरलंय.

शाइस्ता : आहे. आतल्या पेटीत आहे.

राजकुमार : मग ऐक. तुझं पहिलं नाव. माझ्या आधी. मुख्य वास्तुरचनाकार, शाइस्ता कय्यूम. पाटीवर, कागदांवर, पेपरात, सगळीकडे. काच तू म्हणशील तशी वळवू, काम तुझ्या हाताखाली होईल. तक्रार खोटी होती हे मी लिहून देतो. फक्त ते पत्र कधी लिहिलंच गेलं नाही. दोष तुला आत्ता सापडला, आणि मी तुला मानानं परत बोलावलं.

कय्यूम : बेटा, नाव म्हंजे, त्या बेचाळीस मजल्यांवर?

शाइस्ता : खाली दाराशी दगडात कोरतात, अब्बा.

कय्यूम : म्या दीडशाच्या वर घरं बांधली असतीन. एकावर बी नाव नाई माह्यं. मालकाचं असते, त्याच्या आईचं असते. मिस्त्रीचं कोन लिवते.

राजकुमार : चाचा, तुम्ही तिला सांगा. तुमचं नाव तिच्या नावात येईल.

शाइस्ता : अब्बांना मधात घेऊ नका. मले एक सांगा, सर, रस्त्यानं येताना तुमाले काय वाटलं? मी हो म्हनीन?

राजकुमार : वाटलं. तू ती इमारत किती जिवाला लावून काढलीस, मी पाहिलंय. ती दुसऱ्या कोणी मोडतोड केलेली तुला बघवणार नाही.

शाइस्ता : बरोबर ओळखलं. तीन वर्षं मी तेच मांगत होती, माह्यं नाव द्या. सहा महिन्यांआंधी तुमी आले असते तर हे अंगन मी पदरानं झाडून घेतलं असतं तुमच्यासाठी. आता नको. आता मले तुमचं नाव पाह्यजे. त्या कागदावर आहे थे. पावतीवर, तुमच्या हातानं लिहिलेलं, तारखेसकट. थे मी सोमवारी समितीच्या टेबलावर ठेवनार, अन् तुमच्या समोरच्या खुर्चीवर बसून तुमचं तोंड पाहनार.

राजकुमार : मला जेल होईल.

शाइस्ता : होऊ शकते.

राजकुमार : फर्ममध्ये साठ माणसं आहेत.

शाइस्ता : एकसष्टावी मी होती. त्या दिवशी त्या साठांपैकी एकानं मान वर केली नाई.

राजकुमार : तुला मजा येतेय.

शाइस्ता : लय. लपवून काय करू? तीन वर्षांत असा दुपारचा वेळ गेला नाई माह्या घरात.

राजकुमार : मग माझंही एक ऐक. पत्र मला एकदाच का लिहिलंस?

शाइस्ता : म्हंजे?

राजकुमार : मी उत्तर दिलं नाही. मी काही करणार नाही हे तुझ्याएवढं कोणाला ठाऊक होतं? मालकांचा पत्ता तुझ्याकडे होता. महापालिकेचा होता. एक इमेल, शाइस्ता. पाच मिनिटांचं काम. का नाही केलंस? वाट बघत होतीस ना?

कय्यूम : बेटा? असं हाय का? बोल ना.

शाइस्ता : हाव, अब्बा.

कय्यूम : काय हाव?

शाइस्ता : वाट पाहत होती. कामाचे फोटो येत मोबाईलवर. आज पाचवा मजला, आज नववा. मी मोजे. अकराव्याले वाटलं, आता सांगाव. मंग मले त्या मॅडमनं खाली ठेवलेली पर्स आठवे. म्हनलं, चढू दे. अजून थोडी चढू दे, म्हंजे पडंन तवा सगळ्यांले दिसंन.

कय्यूम : पन मानूस जळंन हे तर तुह्या ध्यानात नसंन.

शाइस्ता : मी म्हनत होती, गाड्यांचे रंग जातीन, फरशी तडकंन, यायची पेपरात बदनामी होईन. असं मी म्हनत होती. पन त्या घाटावर मी आठ दिवस बसून मोजमाप केलं होतं, अब्बा. तिथं कोन बसते, मले माहीत होतं.

कय्यूम : कोन?

शाइस्ता : रुख्मिणी. पेरू इकते. मी उन्हात बसली होती तर तिनं मले आपल्या छपराखाली जागा देली. थेच छप्पर.

कय्यूम : या अल्ला.

राजकुमार : बघितलंत चाचा? म्हणजे दोघंही सारखेच. समितीसमोर मी हे बोललो तर तिचंही काही उरणार नाही. म्हणून म्हणतो, तो कागद फाडू, दोघंही वाचू. आणि त्या बाईला आपण जन्मभर सांभाळू.

शाइस्ता : तुमाले बोलाची गरज पडनार नाई. मीच सांगीन. कागद ठेवीन अन् त्याच्यानंतर हे बी सांगीन.

राजकुमार : वेडी आहेस का? तुला कोणी विचारणारसुद्धा नाही. विचारलं नाही ते कशाला सांगायचं?

शाइस्ता : तुमी माह्याकडे बोट दाखवसान, त्याच्या आंधी. तेवढं बी मी तुमाले देनार नाई.

राजकुमार : म्हणजे स्वतः बुडालीस तरी चालेल, पण मला…

शाइस्ता : हाव. चालते.

राजकुमार : शाइस्ता, काय करायलीस तू हे? असं नको करूस माय. म्या काय दुश्मन हाय का तुझा? एका जिल्ह्याची, शेजारपाजारची माणसं आपण. माझा म्हातारा ऐंशी वर्षाचा झालाय. त्याला हे कळलं तर मरून जाईल तो.

कय्यूम : आता कशी दुसरबीडची बोली आली तोंडात.

राजकुमार : चाचा, तुम्ही तरी. बाबांच्या शब्दावर मी हिला घेतलं होतं कामावर. विसरू नका.

कय्यूम : इसरलो नाई. म्हनून तर तीन सालं चूप बसलो. भगवानरावजी दर ईदले फोन करतात मले. म्हनतात, कय्यूम, आपल्या पोरायनं नाव काढलं. तुह्यी पोर माह्या राजूच्या संगं अजून हाय ना? अन् मी म्हनतो, हाव जी, हाय. ईदच्या दिवशी झूट बोलतो मी, तुमची लाज झाकाले.

राजकुमार : उपकार आहेत तुमचे.

कय्यूम : ते आता वापस घेतो. मोबाईल काढा.

राजकुमार : कशाला?

कय्यूम : बापाले लावा. इथंच, माह्यासमोर. जे माह्या पोरीनं तुमच्याकडून बोलवून घेतलं, थे सगळं त्याइले सांगा. तुमी सांगतलं तर तुमचं. नाई तर आज दिवस बुडाच्या, मगरिबच्या आंधी मी लावतो.

राजकुमार : चाचा, पोलीस परवडले हो. समिती परवडली. हे नका करू.

कय्यूम : चौकीतल्या बाकड्यावर मी बी हेच म्हनत होतो, भाऊ. साहेब, काई बी करा, पन गावात सांगू नका. दुसऱ्या दिवशी शिपाई गावात येऊन चौकशी करून गेला. हाटेलात, मशिदीत, शाळेत. लावा फोन.

राजकुमार : मला नाही जमणार.

कय्यूम : मंग निघा. रस्त्यात इचार करा. चिखलीपाशी दुसरबीडचा फाटा लागते. तिकडे वळाचं का पुन्याकडे, थे तुमीच पाहा.

(राजकुमार जातो.)

शाइस्ता : अब्बा, तुमी खरंच लावसान फोन?

कय्यूम : लावीन. म्हाताऱ्याले मोबाईलमधला फोटो पाहून मरू देनं बरं नाई. खरं ऐकून जगंन थो, नाई तर जगनार नाई. तुले काऊन एवढं वाटून राह्यलं त्याचं?

शाइस्ता : मले वाटलं होतं, हा उठून जाईन तवा मले लय बरं वाटंन.

कय्यूम : अन्?

शाइस्ता : वाटलं. थोडा वेळ.

कय्यूम : मले बी वाटलं. खोटं काऊन बोलू. त्याचा चेहरा उतरला तवा मले गार पानी पेल्यासारखं झालं. मंग तुह्या तोंडून त्या बाईचं नाव आलं.

शाइस्ता : तुमी मले काई बोलले नाई.

कय्यूम : काय बोलू? त्या दिवशी चौकीतून घरी आलो अन् तुह्यासमोर मी म्हनलं होतं, अल्ला त्याचा हिसाब करीन. मी अल्लावर सोडून देल्लं. तू नाई सोडलं. अर्धी गलती माह्यी हाय. तुह्या डोळ्यांत पाह्यलं होतं म्या थे, तीन सालं. वाटे, चांगलं हाय, पोर मोडली नाई, पेटलेली हाय.

शाइस्ता : समितीत सांगतल्यावर माह्यं बी लायसन जाईन, अब्बा. हे गोठ्यांचे नकाशे बी काढता येनार नाई.

कय्यूम : जाऊ दे. त्या बाईचा हात वाचला का?

शाइस्ता : उजवा चांगला आहे. डाव्याची बोटं अजून मिटत नाईत म्हने. तराजू धरता येत नाई.

कय्यूम : म्हने म्हंजे? कोन म्हने?

शाइस्ता : तीच. मी फोन करते तिले. वार्डातल्या सिस्टरकडून नंबर घेतला. रोज करते, दुपारचा. तिले वाटते, दवाखान्यातली कोनी बाई आहे, चौकशी करते. जेवन काय केलं, मलम लावलं का, एवढंच इचारते मी. लय बोलते ती. पोराच्या शाळेचं सांगते, पेरूचा हंगाम गेला म्हनते.

कय्यूम : तिले सोमवारी समितीतून समजनार? भरल्या खोलीत?

शाइस्ता : नाई. रविवारी जाईन तिच्याकडे. बसून सांगीन.

कय्यूम : रविवारले तीन दिवस हायेत. या तीन दिवसांत बी तू फोन करशीन. जेवली का, मलम लावलं का, म्हनून इचारशीन. अन् ती तुले दुवा देईन.

शाइस्ता : रोजच देते.

कय्यूम : घे मोबाईल.

शाइस्ता : आत्ता? अब्बा, मले काय बोलावं थे सुचून नाई राह्यलं.

कय्यूम : म्या बाहेर बसू का?

शाइस्ता : नाई. इथंच राहा. हॅलो… हाव, रुख्मिणीबाई, मीच. हाव, रोजचीच. जेवन झालं? बरं, बसल्या आहेत ना तुमी? शाइस्ता नाव आहे माह्यं.